ध्यानाला रोज बसणं जमवता कसं? (आपल्याकडच्या घरात!)

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी,

ध्यानावर इथं आधीही धागे झालेत, पण सगळे "कोणतं ध्यान खरं" यावर घसरले आणि पंथापंथांची जुंपली. तो विषय इथं नको. प्रश्न एवढाच, की रोज बसणं जमवता कसं?

पुस्तकांत, व्हिडिओंत सांगतात ते असं: पहाटे पाचला उठा, घरातला एक शांत कोपरा निवडा, रोज त्याच वेळी तिथंच बसा. ऐकायला झकास. आमच्या गल्लीत नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि कधी येईल ते नळालाच माहीत. कधी पहाटे साडेचारला, कधी भर दुपारी. आलं की सगळं सोडून मोटर, टाकी, हंडे, पिंप. उन्हाळ्यात गच्चीवर झोपावं तर सहाला ऊन डोळ्यांवर. खाली यावं तर लाईट गेलेली, पंखा बंद आणि डास सुरू. लग्नसराईत घर पाहुण्यांनी भरलं की शांत कोपरा म्हणून न्हाणीघर तेवढं उरतं, आणि त्याचंही दार कोणीतरी वाजवतंच.

माझी पद्धत अगदी साधी आहे. सतरंजीवर नाहीतर खुर्चीत पाठ सरळ ठेवून बसायचं. नाकपुडीच्या कडेला, आत जाणारी हवा जिथं जरा गार लागते, तिथं लक्ष ठेवायचं. मन पळतं. पळालं हे कळलं की न चिडता परत यायचं. हेच दहा मिनिटं. विचार बंद पडत नाहीत, आणि पडावेत अशी माझी अपेक्षाही नाही.

ज्यांचं काही वर्षं टिकलंय त्यांनी लिहा. फक्त "इच्छाशक्ती पाहिजे" एवढं लिहून जाऊ नका. ती एक जानेवारीला सगळ्यांकडंच असते.

बिंदुसरा (बीड)

भाऊ, पहिलं म्हणजे घड्याळाचा नाद सोडा.

आमच्या शेतीची लाईट काही दिवस दिवसाची, काही दिवस रात्रीची. रात्रीची असली की मध्यरात्री उठून मोटर चालू करायची आन् पहाटेपर्यंत दारं धरायची. असल्या माणसानं पाचला उठून ध्यान करावं म्हणणारानं एकदा थंडीत रात्रीचा हरभरा भिजवून बघावा.

मी गोऱ्हं शिकवत्यात तसं केलं. नवं गोऱ्हं औताला शिकवायचं म्हणलं की त्याला एकट्याला कोणी जुंपत नाही. दोन नवी एका जुवाला तर नाहीच नाही. शेजारी मुरलेला जुना बैल लावायचा. जुना बैल त्याच्या सवयीनं तास धरून चालतो, धुरा आला की आपोआप वळतो. गोऱ्ह्याला त्याच्या संगं चालावंच लागतं. पहिल्या दिवशी नांगर नाही, हलकं काहीतरी ओढायला द्यायचं. आन् ते दमायच्या आत सोडायचं. दमवलं तर दुसऱ्या दिवशी जू दिसलं की खाली बसतंय.

ध्यान म्हणजे ते गोऱ्हं. काही झालं तरी तुमच्याच्यानं चुकत नाही असं एखादं काम बघा आन् त्याच्या जोडीला ह्याला लावा. माझं म्हणाल तर सकाळची धार. रात्री जागरण झालं, अंगात कणकण हाय, म्हैस कुणाचं ऐकत नाही. धार काढली, दूध घरात दिलं, हात धुतले की मी गोठ्यातच बाजेवर बसतो. कधी साडेपाच वाजलेले असतेत, कधी सात. सुरुवातीला निस्तं पाच मिनिटं बसायचो. जमायलं म्हणून वाढवायची घाई केली नाही.

मांजराकाठ (लातूर)

ही पोस्ट छापून भिंतीला लावावी अशी आहे. मंडळी, आपापला जुना बैल सांगा.

चहाटपरी (जालना)

माझा जुना बैल चहा. त्याच्यासोबत ध्यान केलं तर चहा निवतो. सबब ध्यान बंद.

गंमत सोडा, पण मला हे सगळं फॅड वाटतं. २१ जूनला योग दिवस होताच, आता संयुक्त राष्ट्रांनी २०२४ मध्ये ठराव करून २१ डिसेंबरला जागतिक ध्यान दिवसही दिलाय. आमचे आजोबा दिवसभर कापूस वेचायचे आणि रात्री पडल्या पडल्या घोरायचे. त्यांना कुणी ध्यान शिकवलं होतं?

मांजराकाठ (लातूर)

आजोबांच्या उशाला मोबाईल नव्हता, दादा. बाकी तुमचं चालू द्या. सक्ती कुणालाच नाही.

तेरणा (धाराशिव)

मी घरातली थोरली सून. घरात सासू-सासरे, दीर-जाऊ, पोरं. माझ्या नावाची खोली सोडा, माझ्या नावाची खुर्चीसुद्धा नाही. सकाळी हॉलमध्ये डोळे मिटून बसले की पहिल्या मिनिटाला "वहिनी, बरं वाटंना का?" आणि दुसऱ्या मिनिटाला "बसलीच हाईस तर एवढ्या शेंगा सोल."

मग एक युक्ती केली. संध्याकाळी देवापुढं दिवा मीच लावते, हे लग्न झाल्यापासूनचं. दिवा लावला, हात जोडले आणि तिथंच बसून राहिले. देवघरासमोर बसलेल्या सुनेला आमच्या घरात कोणी हाक मारत नाही. पोरंसुद्धा दबक्या आवाजात बोलतात. सासूबाई तर आल्या-गेल्यांना कौतुकानं सांगतात, आमची सून संध्याकाळी पंधरा मिनिटं देवापाशी असते. असू दे. मी देवापाशीच असते, फक्त श्वास मोजत असते.

एक ते दहा मोजायचे. श्वास सोडला की एक, पुन्हा सोडला की दोन. आकडा चुकला की परत एकपासून. गॅसवर वरण असलं की चारच्या पुढं जात नाही, हे खरं. पण परत एकवर येणं हेच तर करायचंय, असं मला वाटतं.

बिंदुसरा (बीड)

ताई, तुमचा बैल माझ्या बैलापेक्षा हुशार निघाला.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

मी विपश्यनेकडून आलोय. गोएंका गुरुजींच्या परंपरेतलं दहा दिवसांचं शिबिर आमच्या इथं धम्म अजंता केंद्रात केलं. इगतपुरीचं धम्मगिरी १९७६ पासूनचं, ते बहुतेकांना माहीत असतं. आपल्याकडंही केंद्र आहे हे अनेकांना ठाऊक नसतं, म्हणून लिहिलं. फी नसते. शिबिर पूर्ण केलेला माणूस नंतर स्वेच्छेनं दान देतो, त्यावर सगळं चालतं.

तिथं पहिले तीन दिवस फक्त आनापान, म्हणजे नैसर्गिक श्वास जसा आहे तसा बघणं. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचाही नाही (तेरणाताई, हे तुम्हाला टोचून नाही, पद्धती वेगळ्या असतात). चौथ्या दिवसापासून विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना जशा आहेत तशा बघणं. दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन, मोबाईल जमा, जेवणाची घंटा दुसरा वाजवतो. तिथं बसणं जमतं कारण दुसरं काही करायला नसतंच.

खरी परीक्षा घरी आल्यावर. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा असं सांगतात. माझ्यासोबतच्या बऱ्याच जणांचं ते महिन्याभरात सुटलं, आणि सुटलं ते पूर्णच सुटलं, कारण "तास जमत नाही तर काय उपयोग". इथं मी बिंदुसरांच्या बाजूनं. तास जमत नसेल त्या दिवशी दहा मिनिटं बसा, पण बसा.

एका बाबतीत मात्र मतभेद. घड्याळ अगदीच सोडू नका. आमच्या वसाहतीतल्या विहारात रविवारी सकाळी सामूहिक साधना असते. वेळ ठरलेली. लोक येणार म्हणून दार उघडावं लागतं, म्हणून मी जातोच. आठवड्यातून एकदा ठरलेली वेळ आणि बाकी दिवस तुमचा बैल, असं दोन्ही ठेवलं तर काय बिघडलं?

बिंदुसरा (बीड)

काही बिघडत नाही. सोबतीला चार माणसं आसली तर घड्याळ बी बैलच हाय.

नामा_म्हणे (हिंगोली)

आमच्या गावात मारुतीच्या देवळात रोज संध्याकाळी हरिपाठ असतो. माझ्या आजोबांच्या आधीपासून. पाऊण तास. टाळ, मृदंग, वीस-पंचवीस माणसं. नामदेवरायांच्या नर्सीच्या जिल्ह्यातले आम्ही, आम्हाला श्वास बघायला परगावचं कुणी शिकवावं लागत नाही.

तुम्ही सगळे एकेकटे बसायला बघता, तिथंच अवघड होतं. आमच्याकडं एक दिवस दांडी मारली की दुसऱ्या दिवशी पारावरचे म्हातारे विचारतात, "काल कुठं होता रं?" दोन दिवस मारली की घरी निरोप येतो. ह्याच्यापुढं कुठलं ॲप टिकेल?

मांजराकाठ (लातूर)

ॲपबद्दल शंभर टक्के सहमत. हरिपाठ ध्यान आहे की नाही या वादात मी पडणार नाही, लक्ष एका ठिकाणी राहतं ते मला पुरेसं. पण शहरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना पार कुठला आणि म्हातारे कुठले? त्यांचं काय?

दुसरी_पाळी (वाळूज)

भाड्याच्या खोलीतला हजर आहे.

आमची पाळी आठवड्याला बदलते. या आठवड्यात सकाळी सहाला घराबाहेर, पुढच्या आठवड्यात त्या वेळेला घरी येऊन झोपायची तयारी. रोज त्याच वेळी बसा म्हणणाऱ्यांनी कंपनीच्या गेटवर येऊन हे सांगावं.

हा धागा वाचून विचार केला की तिन्ही पाळ्यांत काय बदलत नाही? घरी आलं की सेफ्टी शूज काढणं. पाय सुजलेले असतात, मोजे ओले. बूट काढून पाय धुतल्याशिवाय मी घरात कशालाही हात लावत नाही. मग तिथंच, पाय धुतल्यावर, खोलीत जाण्याआधी जिन्याच्या पायरीवर बसायला लागलोय. फोन खिशातच, पण सायलेंट.

शंका: रात्रपाळीनंतर बसलो की पाचव्या श्वासाला डुलकी. ते धरायचं का?

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

रात्रपाळीनंतर येते ती झोपच असते भाऊ, शरीराला ती हवी आहे. डोळे अर्धवट उघडे ठेवून पायरीवर दोन मिनिटं बसा आणि सरळ झोपायला जा. ज्या आठवड्यात दिवसाची पाळी असेल त्या आठवड्यात दहा मिनिटं. आणि पोटभर जेवून बसू नका, मग दिवसपाळीलाही डुलकीच.

स्ट्रीक_तुटला (लातूर)

मी नीटची तयारी करतोय, बाहेरगावाहून येऊन इथं होस्टेलला आहे. एकाग्रता वाढावी म्हणून ॲपवर २१ दिवसांचं चॅलेंज घेतो. २१ दिवसांत सवय लागते म्हणतात. पण मध्येच टेस्टच्या आदल्या रात्री राहून जातं, स्ट्रीक (सलग दिवसांची मोजणी) शून्य होतो आणि मग मूडच जातो. परत पहिल्यापासून. माझ्यात काही कमी आहे का?

पूर्णाकाठ (परभणी)

कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, म्हणून या पोराला उत्तर द्यायला आले. कमी तुझ्यात नाही, त्या २१ आकड्यात आहे.

हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० मधल्या लिखाणातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातला "किमान" वाटेत गळाला, "चेहरा"ही गळाला, आणि उरलं ते तुझ्या ॲपमध्ये आलं.

मोजून बघितलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एकेक नवी सवय निवडली आणि १२ आठवडे नोंदी ठेवल्या. वागणं आपोआप होऊ लागायला मधला आकडा आला ६६ दिवस, पण कुणाला १८, तर कुणाला हिशोबानं २५४. एवढी तफावत. सोपी सवय लवकर लागली, व्यायामाला जास्त वेळ गेला. ध्यान त्यात नव्हतं, त्यामुळे ६६ हा आकडाही भिंतीवर लिहून ठेवू नकोस.

त्या अभ्यासातल्या दोन गोष्टी तुझ्या कामाच्या. एक, मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. ॲप शून्य दाखवतं, डोक्यात शून्य होत नाही. दोन, त्या लोकांना नवी सवय रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडायला सांगितली होती, उदाहरणार्थ नाश्ता झाल्यावर. म्हणजे बिंदुसरा भाऊ गोठ्यात जे सांगतायत तेच.

ॲप काढून टाक. मेसचा डबा घासून ठेवलास की कॉटवर पाच मिनिटं बस. आणि एकाग्रता वाढली का हे रोज तपासत बसू नकोस. त्या तपासण्यातच पाच मिनिटं जातात.

स्ट्रीक_तुटला (लातूर)

थँक यू मॅडम. डबा मी सकाळी घासतो, रात्री तसाच असतो, चालेल का?

पूर्णाकाठ (परभणी)

चालेल. पण डबा रात्रीच घासत जा, हे तुझ्या आईच्या वतीनं.

गोदामाय (गंगाखेड)

इथं विचारावं की नाही कळत नव्हतं. मागच्या वर्षी वडील गेले. तेव्हापासून मन लागत नाही म्हणून मैत्रिणीनं ध्यान करायला सांगितलं. पण डोळे मिटले की दवाखान्यातलं सगळं समोर येतं. श्वासावर लक्ष दिलं की श्वासच अडकल्यासारखा होतो, छाती धडधडते. सगळे म्हणतात सुरुवातीला होतं असं, रेटून बस. रेटावं का?

पूर्णाकाठ (परभणी)

ताई, रेटू नका. विचारलंत ते फार बरं केलंत.

ध्यान सगळ्यांना सगळ्या वेळी मानवतं असं नाही. मोठं दुःख, धक्का, आधीपासूनचं नैराश्य किंवा भीतीचे झटके असतील तर डोळे मिटून आत बघत बसल्यानं त्रास वाढू शकतो. त्यात तुमचा कच्चेपणा काही नाही.

सध्या डोळे उघडेच ठेवा. श्वासाकडं जाऊच नका. अंगणात खुर्चीत बसा, चपला काढून तळवे फरशीवर टेकवा आणि ती फरशी गार आहे की गरम, गुळगुळीत की खरखरीत, एवढंच बघा. नाहीतर कानावर काय काय पडतंय ते ऐका: चिमण्या, एसटी, शेजारचा मिक्सर. दोन मिनिटं. त्रास व्हायला लागला की उठा, कुणाशी तरी बोला. चालतानाही हे जमतं.

आणि झोप, जेवण बिघडलं असेल तर एकदा डॉक्टरांना दाखवाच. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६ वर, चोवीस तास, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आज फोन करा. ध्यान नंतर बघू.

गोदामाय (गंगाखेड)

बरं वाटलं वाचून. करते फोन.

मांजराकाठ (लातूर)

पूर्णाकाठ मॅडम, मनापासून आभार. "रेटून बस" हा सल्ला आपल्याकडं फार स्वस्तात मिळतो.

उन्हाळी_भुईमूग (नांदेड)

वय ६४. मांडी घातली की दहाव्या मिनिटाला पाय बधिर, उठायला भिंत लागते. पद्मासनाशिवाय ध्यान होत नाही असं एक ओळखीचे म्हणतात. खरं का?

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

काका, खुर्चीत बसा. शिबिरातही ज्यांना मांडी जमत नाही त्यांना खुर्ची देतात. पाय बधिर होतो तो नस दाबली गेल्यानं, त्यात साधना काही नाही. खुर्चीत पाठ टेकली तर झोप येते, म्हणून जरा पुढं सरकून बसा, तळवे जमिनीला टेकले पाहिजेत. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं असेल तर मांडीचा विषयच नको.

फजरनंतर (खुलताबाद)

सगळं वाचलं. माझा जुना बैल सांगायला उशीर झाला: फजरची, म्हणजे पहाटेची नमाज. नमाज झाली की आमचे अब्बा मुसल्ला (नमाजाची चटई) लगेच गुंडाळत नसत, तसबीह (जपमाळ) घेऊन थोडा वेळ बसून राहत. मीही तसाच बसतो. तसबीहचे मणी बोटांतून सरकतात, त्यामुळे मोजायचं काम बोटं करतात आणि टायमर लागत नाही. ध्यान म्हणा की काही म्हणा, दुकान उघडायच्या आधी एवढं झालं की गिऱ्हाइकाशी कमी भांडण होतं. रमजानमध्ये सहेरीमुळं झोप अपुरी, तेव्हा थोडकंच बसतो.

तेरणा (धाराशिव)

टायमरचं बरं काढलंत. मोबाईलवर टायमर लावला की त्याच्यावरच मेसेज दिसतात आणि "फक्त बघते" म्हणून अर्धा तास. मी निरांजनात तूपच बेतानं घालते. वात शांत झाली की उठायचं.

चहाटपरी (जालना)

कबूल करायला लाज वाटत नाही, कालपासून मीही बसतोय. टपरीवर सकाळी दूध उकळायला ठेवलं की ते वर येईपर्यंत उभं राहावंच लागतं. तेवढा वेळ मोबाईल गल्ल्यात, नजर पातेल्यावर. याला ध्यान म्हणायचं का ते तुम्ही ठरवा. दूध मात्र उतू गेलं नाही.

नामा_म्हणे (हिंगोली)

दादा, तुम्हाला हरिपाठाला बोलवायला पाहिजे. दूध उकळायच्या आधी सोडू तुम्हाला.

मांजराकाठ (लातूर)

बिंदुसरा भाऊ, एक प्रश्न राहून गेला. म्हैस आटली की धार बंद. मग तेवढे महिने तुमचं ध्यानही भाकड का?

बिंदुसरा (बीड)

हा हा. सध्या आटलेलीच हाय ती, पुढच्या महिन्यात व्यायला झालीये. धार नाही म्हणून काय झालं, वैरण-पाणी तर करावंच लागतंय, शेण बी काढावं लागतंय. शेण काढलं, हात धुतले, बाजेवर बसलो. फरक एवढाच की आता आमच्या मंडळी चहा बिनदुधाचा देत्यात.